230 घोड्यांची गाडी आणि ताम्हिणीतला पाऊस: टायर कोणते टाकू?

मुळशीपार (6 जुलै)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. कारण आज जरा तंतरली आहे.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, डिसेंबर 2017 ची. मी दुसरा मालक. 62 हजार किलोमीटर झालेत. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, 230 पीएस, 350 न्यूटन-मीटर, सहा गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा), आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. टायरचं माप 225/45 आर17 (रुंदी 225 मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या 45 टक्के, रिम 17 इंची). इंजिनला हात लावलेला नाही, लावायचाही नाही. (मित्र रीमॅपसाठी मागे लागलेत. त्यांना म्हटलं, आहे तीच ताकद रस्त्यावर उतरत नाही, वाढवून काय करू?)

रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी. त्यात टायरचा काय संबंध, तिथे चालत गेलो तरी लवकर पोचेन. पण दर पंधरा दिवसांनी ताम्हिणीतून माणगाव आणि पुढे म्हसळ्याच्या अलीकडे गावी. बारा महिने.

आज गावाहून परत येत होतो. बायको शेजारी, आई मागे, तिच्या मांडीवर सुकटीचा डबा. विळे सोडून घाट चढायला लागलो तर पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखे. पुढे दुधाचा टेम्पो होता, तो एका धबधब्यापाशी कडेला थांबला. समोर उजवीकडचं चढाचं वळण, रस्ता मोकळा. वेग चाळीस असेल. वळणातून बाहेर पडताना मी जरा पाय दाबला, जरा म्हणजे खरंच जरा. डीएसजीने दुसरा गिअर टाकला, समोर चाक घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकला आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. विहिरीतून बादली ओढताना दोर तुटावा तसं. गाडी वळेचना, नाक सरळ डावीकडच्या कठड्याकडे. घाबरून मी पाय काढला, तर आता मागची बाजू बाहेर फिरायला लागली. एका क्षणात दोन्ही उद्योग. कशीबशी थांबली तेव्हा पुढचं डावं चाक गटाराच्या काठावर होतं आणि कठडा हातभर लांब. आईच्या डब्याचं झाकण उडालं होतं. गाडीला अजून सुकटीचा वास आहे.

घरी येऊन टायर पाहिले. नक्षी चारही टायरना दिसते, गोटा झालेले नाहीत. पुढचे दोन आधीच्या मालकाने टाकलेले, कुठल्याशा स्वस्त ब्रँडचे.

आता प्रश्न. एक मित्र कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर गाडी पळवतो. त्याच्याकडे निम्मे वापरलेले 200 ट्रेडवेअरचे सेमी-स्लिक (शर्यतीचे, कमी चरांचे टायर) आहेत, स्वस्तात देतोय. म्हणतो, 'याच्याइतकी पकड दुसरीकडे नाही.' दुकानदार म्हणतो 18 इंची अलॉय आणि 245 रुंदीचे टायर टाका, रुंद म्हणजे जास्त पकड. भाऊ म्हणतो ताकद पुढे आहे, तर पुढचे दोनच बदल, मागचे चालतील. तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून डोकं उठलंय. चारही बदलायचे तर साठ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

---

निवांत_वॅगनार (6 जुलै)

230 घोडे घेऊन ताम्हिणीत भर पावसात कशाला जाता हो? आमची वॅगनार त्याच वळणावरून तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जाते. पकड सुटायला आधी ताकद लागते, ती कंपनीने दिलेलीच नाही. आई सुखरूप आहेत ना? मग झालं. सुकटीच्या वासावर बेकिंग सोडा टाकून रात्रभर ठेवा.

---

शिरोली_नाका (7 जुलै)

भावा, आधी एक काम कर. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतंय, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. बॅटरी घेऊन चारही टायरवरचे आकडे बघ आणि इथं लिही. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कधीकधी आकडे आतल्या बाजूला येतात, तर गाडीखाली वाकून बघ. आळस करू नको.

आमचं कोल्हापुरात शिरोली नाक्याला टायरचं दुकान. आजोबांनी ट्रकच्या रिमोल्डपासून सुरू केलं, मी आता गाड्यांचं बघतो. आंबा घाट, अणुस्कुरा, आंबोली, गगनबावडा, सगळीकडची घसरलेली गाडी फिरून आमच्याच दारात येते. त्यामुळं तू जे सांगितलंस ते मी दर पावसाळ्यात ऐकतो. आणि दर वेळी माणूस म्हणतो, 'नक्षी तर आहे की!'

नक्षी असून काय उपयोग, रबर मेलेलं असतंय. अंगठ्याचं नख टायरच्या ठोकळ्यात दाबून बघ. जिवंत रबर दबतं आणि परत येतं. मेलेलं म्हणजे खुर्चीच्या पायाचं बूच. त्यावर सहा मिलिमीटर नक्षी असली काय नि दोन असली काय. तुझे मागचे टायर गाडीबरोबर आलेले असणार, म्हणजे 2017 चे. आठ वर्षं पुण्याच्या उन्हात. पाय काढल्यावर शेपूट का फिरलं, त्याचं उत्तर तिथंच आहे. पाय काढला की वजन पुढं येतं, मागचा भाग हलका होतो, आणि तिथं बसलीत लाकडं.

म्हणून तुझ्या भावाचं ऐकू नको. 'ताकद पुढं, तर नवे टायर पुढं' हे सगळ्या महाराष्ट्राला वाटतंय. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय हलका केला की बहुतेक वेळा परत धरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि तुला मला ती सावरता येत नाही. दोनच घ्यायचे असले तर चांगले दोन मागं जातात, गाडी पुढच्या चाकांची असो की मागच्या. पण तू दोन घेऊ नको. 230 घोड्याच्या गाडीला चार घे, चारही एकाच जातीचे.

आता दुकानदाराचं 245. मी स्वतः दुकानदार आहे, मला ते विकायला आवडलं असतं. 18 इंची अलॉय म्हणजे चार रिमचे पैसे वर. पण बघ, तुझ्या 225/45 ला बाजूची भिंत 101 मिलिमीटर. रुंदी तीच ठेवून नुसतं 225/40 आर18 केलंस तरी 90. तो एक सेंटिमीटर तुला कोथरूडला कळणार नाही, माणगावच्या पुढच्या खड्ड्यात कळेल. टायरला फुगा येतो, रिमला टेंगूळ येतं. श्रावणात आमच्याकडं रोज एक तरी फुगा येतोच. रुंदीचं म्हणशील तर कोरड्या रस्त्यावर थोडा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो. पातळ पात्याने पाणी कापलं जातं, फळीने नाही.

हिशोबच सांगतो. 225 चा टायर, ताशी 80 चा वेग, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी. एका सेकंदाला गाडी 22 मीटर जाते. रुंदी गुणिले पाणी गुणिले अंतर, साधारण 15 लिटर निघतंय. एका टायरला, एका सेकंदाला, आंघोळीची एक बादली पाणी बाजूला सारायचं आहे. ते जाणार कुठून? नक्षीच्या चरातून. नव्या टायरला चर साडेसात-आठ मिलिमीटर. कायद्याने 1.6 पर्यंत चालतो. पण घाटात जाणाऱ्याने तीनला काढावा, असं माझं मत. गिऱ्हाईक मला लुटारू म्हणतं. म्हणू दे.

सेमी-स्लिकला तर चरच नसतात म्हटलं तरी चालेल. मित्राला म्हणावं तुझं तुला लखलाभ.

माप तेच ठेव. आणि 91 लोड इंडेक्स असला तर 91 किंवा वर, खाली नाही. 91 म्हणजे टायरमागे 615 किलो, 94 म्हणजे 670. वेगाचं अक्षर व्ही, डब्ल्यू किंवा वाय. एवढं धरून मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4, कॉन्टिनेन्टलचा मॅक्सकॉन्टॅक्ट 6, योकोहामाचा अॅडव्हान फ्लेवा, नाहीतर अपोलोवाल्यांच्या व्रेडेस्टाइनमधला अल्ट्रॅक व्होर्टी. यातलं तुझ्या मापात जे ताजं मिळेल ते. 'ताजं' हा शब्द मासळीसारखा वापरतोय, मुद्दाम. जून 2020 पासून टायरची आयात सरकारने 'प्रतिबंधित' यादीत घातली, परवान्याशिवाय माल येत नाही. त्यामुळं चांगला ब्रँड कधीकधी दोन-दोन वर्षं गोदामात पडलेला मिळतो. पैसे द्यायच्या आधी चार आकडे बघायचे. दुकानदार 'साहेब, सगळं सेमच' म्हणाला की उठून यायचं.

---

मुळशीपार (7 जुलै)

पाहिले. पाऊस चालू होता, पार्किंगमध्ये पाठीवर झोपून मोबाईलच्या उजेडात. वॉचमनला वाटलं गाडीखाली मांजर आहे, तोही येऊन वाकला.

पुढचे दोन 0921. मागचे दोन 4117. म्हणजे ऑक्टोबर 2017, गाडीबरोबरचेच. नख दाबून पाहिलं, मागच्याला नख बसतच नाही. पुढच्याला थोडं बसतं. हवा चारही चाकांत 38 निघाली. पंपावरचा पोरगा सगळ्यांना तेवढीच मारतो वाटतं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत आकडे छापलेत, ते आज पहिल्यांदा वाचले.

पण एक कळत नाही. 200 ट्रेडवेअर म्हणजे मऊ, आणि मऊ म्हणजे पकड, एवढं तरी बरोबर ना?

---

रबरवाली (8 जुलै)

अर्धं बरोबर. मी नाशिकला रबर कंपाउंडमध्ये काम करते, म्हणजे टायरचा काळा भाग कशाकशाचा बनवायचा ते. कंपनीचं नाव विचारू नका.

ट्रेडवेअरचा आकडा पकडीचा नाही, झिजेचा आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यांवर साधारण 11,600 किलोमीटर गाड्या चालवतात आणि प्रमाण टायरच्या तुलनेत आपला किती झिजला ते पाहतात. प्रमाण टायर 100. पण आकडा कंपनी स्वतःच छापते, आणि कमी छापायला कोणाची हरकत नसते. त्यामुळे एका कंपनीचा 300 आणि दुसरीचा 300 शेजारी ठेवून काही कळत नाही. त्याच्या बाजूला 'ट्रॅक्शन एए' किंवा 'ए' असं अक्षर असतं. त्यालाही लोक भुलतात. ती चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारण्याची आहे. वळणाची नाही, आणि तुमच्यासारखी वळणातून बाहेर पडताना पाय दाबण्याची तर नाहीच.

आता मऊपणा. रबराला डांबराच्या खडबडीत दाण्यांवर दबायचं असतं आणि परत उठायचं असतं. दबण्या-उठण्यात जी ऊर्जा वाया जाते ना, तीच तुमची पकड. गंमत अशी की तीच ऊर्जा चाक नुसतं फिरतानाही वाया जाते आणि पेट्रोल खाते. म्हणजे ओल्या रस्त्यावर चिकट आणि सरळ चालताना कंजूष, असं दोन्ही हवं. प्रयोगशाळेत आम्ही रबराचा एक तुकडा शून्य अंशाच्या आसपास हलवून बघतो, त्यावरून ओल्यातल्या पकडीचा अंदाज येतो. तोच तुकडा साठ अंशाला हलवला की पेट्रोलचा अंदाज येतो. पूर्वी काळं कार्बन भरून दोन्ही एकदम साधत नव्हतं. नव्वदच्या दशकात सिलिका भरायला लागले आणि ते जमलं. म्हणून आजचा चांगला रस्त्याचा टायर ओल्यात धरतो तसा पंचवीस वर्षांपूर्वीचा महागडा टायरसुद्धा धरत नव्हता.

तुमच्या मित्राचं सेमी-स्लिक वेगळ्या कामाचं आहे. ते गरम झाल्यावर चिकटतं. कारीवर तीन फेऱ्यांनंतर टायरला हात लावून बघा म्हणावं, चटका बसतो. ताम्हिणीत जुलैत रस्त्यावरचं पाणी वीस-बावीस अंशांचं, वरून सतत धार. तो टायर तिथे कधीच गरम होणार नाही. शिवाय निम्मे वापरलेले. असे टायर दर वेळी तापून-थंड होऊन कडक होत जातात. कडकपणा मोजायचं आमचं एक छोटं यंत्र असतं, खिशात मावतं. नवा चांगला टायर साठ-पासष्टच्या आसपास दाखवतो. तुमचा 2017 चा पंचाहत्तरच्या पुढे असणार. मी न बघता पैज लावते.

अजून एक, कारण सगळे टायरबद्दल बोलतायत आणि पायाबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या गाडीची पहिल्या गिअरमधली ताकद चाकापर्यंत पोचेस्तोवर साधारण 13-14 पट होते. 350 चे झाले साडेचार-पाच हजार न्यूटन-मीटर. टायरची त्रिज्या जेमतेम 32 सेंटिमीटर, म्हणजे रस्त्याला मागे ढकलायला 14-15 हजार न्यूटनचं बळ. आणि पुढच्या दोन चाकांवर गाडीचं वजन धरा साडेआठशे किलो. कोरड्या रस्त्यावर ती दोन चाकं मिळून फार तर सात-आठ हजार न्यूटन पेलतील. ओल्यात पाच. चढावर वजन मागे जातं, म्हणजे आणखी कमी. दुसऱ्या गिअरमध्येही गणित तुमच्या बाजूने नाही. पहिल्यात तर इंजिन मागतंय त्यातलं निम्मंसुद्धा जगातला कुठलाही टायर पावसात देणार नाही.

वरून वळण. टायरची पकड एकच असते, ती वळायला आणि ओढायला वाटून घ्यायची. पण वाटणी सरळ वजाबाकीची नाही. वळण्यात 80 टक्के वापरली तरी ओढायला 60 टक्के उरते. 95 वापरली की 31 च उरते. शेवटच्या टोकाला ती अशी धाडकन संपते, म्हणून तुम्हाला 'जरासाच पाय दाबला' असं वाटलं. ते खरंच होतं. जराच शिल्लक होती.

---

मिशिगनकर (8 जुलै)

मूळचा चिपळूणचा, आता डेट्रॉइटच्या उत्तरेला बारा वर्षं. माझ्याकडे 2018 ची मस्टँग जीटी आहे, 460 घोडे, मागच्या चाकांना. त्यामुळे तुमची गाडी पुढे घसरली तशी माझी मागे घसरते, एवढाच फरक.

इथे 'ट्रॅक्शन'साठी लोक सरळ ड्रॅग रेडियल, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचे टायर, टाकतात. मिकी थॉम्पसनचे, निट्टोचे. रस्त्यावर चालवायला कायद्याने मुभा आहे. डॉजने 2018 चं मॉडेल म्हणून चॅलेंजर डीमन काढली, 840 घोड्यांची. तिला तर कारखान्यातूनच निट्टोचे 315 रुंदीचे ड्रॅग रेडियल होते. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टात जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे अशा गाड्या ढिगाने दिसतात. पाऊस आला की त्याच गाड्या एकामागोमाग कडेला लागतात आणि मालक गाडीत बसून रडारचं अॅप बघत राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टायर सरळ रेषेसाठी बनवलेला, भिंत मुद्दाम लुळी, चर नावाला दोन.

माझ्या गाडीला कंपनीकडून आलेले पायलट स्पोर्ट 4 एस होते. उन्हाळ्यात तक्रारीला जागा नाही. पण पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात सकाळी बाहेर तीन अंश, सिग्नल सुटला, मी नेहमीसारखा डावीकडे वळलो आणि गाडी चौकाच्या मध्यात उलट तोंड करून उभी. पाऊस नाही, बर्फ नाही, कोरडा रस्ता. सातेक अंशांच्या खाली उन्हाळी टायर प्लॅस्टिकसारखा वागतो. आता मी नोव्हेंबर ते एप्रिल दुसरे चार चढवतो. तुम्हाला हे दुखणं नाही. रायगडात सात अंश व्हायला हिमयुग यावं लागेल. म्हणून चांगला उन्हाळी टायर तुमच्यासाठी बारमाहीच आहे. 'ऑल सीझन' शिक्का पाहून भुलू नका, तो आमच्या थंडीसाठी आहे.

200 आकड्याबद्दल रबरवालींनी लिहिलंय त्यात भर. इथल्या ऑटोक्रॉस स्पर्धांच्या नियमात स्ट्रीट गटाला किमान 200 ट्रेडवेअर लागतं. मग कंपन्यांनी बरोबर 200 छापलेले टायर आणले. त्यातले काही दोन हंगामांत संपतात. आकडा नियमात बसवायला छापलाय, हे लहान पोरालाही कळतं.

एक मात्र विचारतो, शिरोलीसाहेब. 225 ऐवजी 235/45 आर17 का नको? रिम साडेसात इंची असेल तर बसतो. व्यास 634 चा 643 होतो, दीड टक्काही नाही. भिंतही पाच मिलिमीटर वाढते, खड्ड्यांना बरी.

---

शिरोली_नाका (9 जुलै)

बसतो की. मी चार-पाच गाड्यांना टाकलाय. पण आरएस आधीच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली बसलेली. चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून खड्ड्यात गेली की आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची भीती. एकाची घासलीय. दुसऱ्याची नाही घासली. मग विमेवाल्याला बदललेलं माप कळवा, ते वेगळंच. मिळण्यासारखं 225 बाजारात आहे तोवर मी 235 च्या भानगडीत पाडणार नाही. 225 मिळालाच नाही तर मग बघू.

आणि मिशिगनकर, ताम्हिणीत एक गोष्ट तुमच्याकडं नसणार. पहिल्या पावसानंतर कडेची लाल माती रस्त्यावर येते. झाडाखालच्या वळणावर शेवाळ. त्यावर पायलट स्पोर्ट काय नि ड्रॅग रेडियल काय. तिथं फक्त पाय.

मुळशीपार, टायर टाकल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय घरी जाऊ नको. गटाराच्या काठावर चाक गेलंय म्हणालास. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला जरा जरी फाकली असली तर नवा टायर आतल्या बाजूनं सहा महिन्यांत खाऊन टाकतंय, आणि वरून बघून कळत नाही. हात फिरवून बघायचं, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर गडबड आहे.

आणि पहिले तीनशे किलोमीटर सासुरवाडीला आल्यासारखं चालव. नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा तेलकट थर असतो, तो निघेपर्यंत तो नवा टायर जुन्यापेक्षा वाईट.

नायट्रोजन भरा म्हणून कुणी दोनशे रुपये मागितले तर देऊ नको. साध्या हवेत 78 टक्के तोच आहे. हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर मोजलीस तर पुरे. झाकणातला आकडा मोज, पंपवाल्याच्या डोक्यातला नाही.

---

निवांत_वॅगनार (9 जुलै)

एवढं सगळं वाचून आमच्या वॅगनारचे आकडे पाहिले. 3316. नऊ वर्षं. बायकोला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. शनिवारी जातोय टायर बदलायला.

---

मुळशीपार (18 ऑगस्ट)

उशिरा लिहितोय, पण लिहायचं कबूल केलं होतं.

पुण्यात सहा दुकानं फिरलो. पहिल्यात पायलट स्पोर्ट 4 होता, पण 2022 चा, आणि मी आकडे वाचायला लागल्यावर मालकाचा चेहराच बदलला. दुसऱ्याने माझ्या मापाऐवजी 215/55 दाखवून 'चालून जाईल साहेब' केलं. चौथ्या दुकानात मॅक्सकॉन्टॅक्ट 6 चा जोड मिळाला, दोनच. पाचव्याने मागवून देतो म्हणून आठ दिवस झुलवलं. शेवटी सहाव्यात पायलट स्पोर्ट 4, 225/45, 94 वाय, चारही. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून साठ हजारांच्या आत बसलं. थोडे उरले, त्यात मॅट धुऊन घेतल्या. (बेकिंग सोड्याने वास गेला नाही.)

अलाइनमेंटच्या मशीनवर पुढचं डावं चाक बाहेर फाकलेलं दिसलं. शिरोलीसाहेब, तुमचं तोंड गोड होवो.

पहिले तीनशे किलोमीटर खरंच सासुरवाडीसारखे काढले. मग दोन ऑगस्टला गाव. पाऊस तसाच. विळ्याच्या वरच्या त्याच वळणावर परत येताना मुद्दाम गाडी हळू केली, डीएसजी हाताने तिसऱ्यात टाकला आणि वळण संपून स्टिअरिंग सरळ होईपर्यंत पाय तसाच ठेवला. काही झालं नाही. एवढंच लिहायचंय, काहीही झालं नाही. दिवा नाही, ओढ नाही. मग पुढे मुळशीच्या पाण्याकाठच्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून, एकदा दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून पाहिला. दिवा लागला. पण आता आधी कळतं. स्टिअरिंगमध्ये एक बारीक कुरकुर येते, मग चाक सुटतं. जुन्या टायरवर ती कुरकुर नव्हतीच, थेट सुटायचं. रबरवाली, याला तुमच्याकडे काही नाव आहे का? मला तर टायर बोलायला लागल्यासारखा वाटला.

तक्रारी पण आहेत. काँक्रीटवर आवाज जुन्यापेक्षा जास्त, हिंजवडीच्या रस्त्यावर जाणवतो. पेट्रोल लिटरमागे अर्धा किलोमीटर कमी देते, निदान आकडा तसं दाखवतोय. बायकोला काही फरक वाटत नाही. आई म्हणाली, 'आता बरी चालवतोस.' टायरचं तिला सांगितलेलंच नाही, श्रेय मी घेतलं.

एक शंका राहिली. तीन टायर 1125 चे आहेत, एक 4724 चा निघाला. बिल केल्यावर लक्षात आलं. दुकानदार म्हणतो काही होत नाही. तो मागे उजवीकडे बसवलाय. बदलून मागू का?

---

रबरवाली (18 ऑगस्ट)

नाव वगैरे काही नाही, आम्ही त्याला 'हळूहळू सुटणं' म्हणतो आणि त्यासाठीच वर्षभर डोकं फोडतो. बोलतो म्हणा, छान आहे.

चार महिन्यांचं काही नाही. माझ्या यंत्रालाही तो फरक दिसणार नाही.

---

शिरोली_नाका (19 ऑगस्ट)

राहू दे तिथंच. दहा हजारांवर चाकं पुढं-मागं फिरवशील तेव्हा नक्षीला दिशा आहे का आधी बघून घे. पायलट स्पोर्ट 4 ला आत-बाहेर आहे, दिशा नाही, त्यामुळं बाजू बदलता येते.

आणि मॅट धुण्यापेक्षा सुकट इकडं पाठवायची होतीस.